केमोनंतरचा विसरभोळेपणा
बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात खेपा घालून उपचार एकदाचे संपतात. मग गॅसवर ठेवलेलं दूध लक्षात राहत नाही, ओळखीचं नाव ओठावर येत नाही. हे वेड नव्हे, आळस तर नाहीच. केमोथेरपी, कमी हिमोग्लोबिन, अपुरी झोप, थकवा, काळजी यांचा तो परिणाम असू शकतो. पुष्कळांना काही महिन्यांत फरक पडतो, काहींना वर्षं लागतात. औषधांच्या वेळांना मोबाइलचा गजर लावा, एका वेळी एकच काम हाती घ्या, झेपेल तेवढं रोज चाला. घरच्यांनी ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ म्हणून टोचू नये. त्याने माणूस आणखी गोंधळतो. अचानक बोलणं अडखळलं, फिट आली किंवा डोकं असह्य दुखू लागलं, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.