नेम किती अचूक हवा?

१९०७ साली कुमाऊंतल्या चंपावतजवळ जिम कॉर्बेट यांनी एक वाघीण मारली. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. मेलेल्या वाघिणीचे तोंड तपासले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले दिसले. वरचा अर्धा उरला होता, खालचा पार हाडापर्यंत गेला होता. ही जुनी इजा बंदुकीच्या गोळीची होती. सुळे गेल्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांनी ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४च्या पुस्तकात लिहिले आहे. वाघ नरभक्षक होण्यामागे बहुतेक वेळा जखमच असते, असे त्यांचे मत होते.

वाघिणीला जखमी करून सोडणाऱ्या शिकाऱ्याचे नाव इतिहासात नाही. त्याचा नेम काही इंचांनी चुकला आणि त्या इंचांची किंमत डोंगरातल्या खेड्यांनी मोजली.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा भूतकाळाचा विषय झाला. नॉर्वे, फिनलंड, कॅनडा, अमेरिका या देशांत मात्र आजही दरवर्षी परवाना घेऊन लाखो हरणे, मूस आणि एल्क मारले जातात. शिकार योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा आहे. पण प्राणी मारायचाच असेल तर तो तडफडत न ठेवता मारावा, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होईल. त्यासाठी गोळी किती अचूक असावी? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे अनपेक्षित आहे.

मिनिटाचे गणित

रायफल एकाच जागी घट्ट बसवून, एकाच बिंदूवर रोखून दहा गोळ्या झाडल्या, तरी त्या एकाच भोकातून जात नाहीत. चांदमारीच्या कागदावर त्यांचा एक पुंजका उमटतो. या पुंजक्याची रुंदी कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर, २०० मीटरवर ५.८ आणि ३०० मीटरवर ८.७ सेंटिमीटर.

आता सावजाकडे पाहू. हरणाच्या छातीत खांद्यामागे हृदय आणि फुफ्फुसे असतात. मध्यम आकाराच्या हरणात हा मर्मभाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा धरतात. मूस किंवा एल्क यांच्यात तो बराच मोठा असतो. दुकानात मिळणारी साधी रायफल आणि साधे काडतूस यांचा पुंजका दोन मिनिटांचा धरला, तर २०० मीटरवर तो ११.६ सेंटिमीटर भरतो. म्हणजे मध्यावर नेम धरला असता वाईटात वाईट गोळीही मध्यापासून सहा सेंटिमीटरच्या आत पडेल. हरणासाठी एवढे पुरते.

नॉर्वेत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला जाण्याआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. १०० मीटरवरच्या प्राण्याच्या चित्रावर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवायच्या. फिनलंडमध्ये मूससाठीच्या परीक्षेत ७५ मीटरवर चार गोळ्या २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवाव्या लागतात. आकडे वेगळे दिसतात, पण कोनात मांडले तर दोन्ही परीक्षा जवळजवळ सारख्याच, सुमारे दहा मिनिटांच्या निघतात. साधी रायफल दोन मिनिटांचे काम करत असताना कायदा माणसाकडून दहाचीच अपेक्षा धरतो, कारण कायदा करणाऱ्यांना माणसाचा हात ठाऊक आहे.

हात, श्वास आणि बेरीज

बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून झाडलेली गोळी आणि डोंगर चढून धापा टाकताना, उभ्याने झाडलेली गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. येथे गणिताची एक गंमत आहे. रायफलीची चूक आणि हाताची चूक सरळ बेरजेने मिळत नाहीत. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे.

समजा, शिकाऱ्याच्या हाताची थरथर सहा मिनिटांची आहे आणि रायफल-काडतुसाची चूक दोन मिनिटांची. एकूण पसारा होतो ६.३ मिनिटे. आता पैसे खर्चून, महागड्या गोळ्या आणून रायफलीची चूक निम्मी, म्हणजे एक मिनिटावर आणली. पसारा होतो ६.१. अचूकता दुप्पट केली आणि २०० मीटरवर फरक पडला जेमतेम दीड सेंटिमीटरचा. उलट, रायफल तीच ठेवली आणि झाडाचा किंवा दगडाचा आधार घेऊन, सराव करून हाताची थरथर तीन मिनिटांवर आणली, तर पसारा ३.६ मिनिटांवर येतो. २०० मीटरवर तो ३७ सेंटिमीटरवरून २१ सेंटिमीटरवर उतरतो. जखमी हरीण आणि जागीच मेलेले हरीण यांतले अंतर इथे आहे.

गोळ्यांची पारख करतानाही अनेक जण फसतात. तीन गोळ्या झाडायच्या, पुंजका इंचाचा आला की खूश व्हायचे, हा सर्वत्र चालणारा प्रकार. पण नमुना लहान असला की पुंजकाही लहान दिसतो. तीन गोळ्यांचा पुंजका सरासरी एक इंच येत असेल, तर त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा पुंजका सरासरी १.६ इंच येतो. रायफल बिघडलेली नसते. आधीचा अंदाजच भाबडा असतो. शिवाय शिकारीत महत्त्व असते ते थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीला. ती दहा वेगवेगळ्या दिवशी कुठे लागते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

गोळी अचूक कशामुळे होते?

रायफलीच्या नळीत आतून वळणदार आटे असतात. ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटणारी आणि दर २२ सेंटिमीटरला एक फेरा घेणारी गोळी सेकंदात सुमारे ३,६०० वेळा फिरते. एवढ्या फेऱ्यांत गोळीचा गुरुत्वमध्य अक्षापासून केसभर जरी सरकलेला असला, तरी नळीबाहेर पडताच ती बाजूला ओढली जाते. म्हणून शिशाच्या गाभ्याभोवतीचे तांब्याचे कवच सगळीकडून सारख्या जाडीचे असावे लागते. गोळीचा तळही निर्दोष हवा, कारण नळीच्या तोंडाशी दाबाखालचा वायू तळाभोवतीनेच निसटतो. तळ वाकडा असेल तर धक्का एका बाजूने जास्त बसतो. टोकाचे शिसे थोडे चेपले, तर शिकारीच्या अंतरावर फारसे बिघडत नाही. नवखा शिकारी मात्र नेमका टोकालाच जपत बसतो.

स्पर्धेच्या गोळ्या या कसोट्यांना सर्वांत चांगल्या उतरतात. मग त्याच का वापरू नयेत? कारण कागदाला भोक पाडले की त्यांचे काम संपते. त्यांचे कवच पातळ असते आणि अंगात शिरल्यावर ती कसे वागेल याची खात्री नसते. एखादी गोळी सुईसारखी आरपार जाते, दुसरी खांद्याच्या हाडावरच फुटून तुकडे होते. अशा गोळ्या शिकारीसाठी वापरू नका, असा सल्ला काही उत्पादक स्वतःच देतात.

लागल्यानंतरचा प्रवास

१९४६ साली जॉन नोस्लर हा अमेरिकन शिकारी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या मागावर होता. हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमसारखी जबर वेगाची रायफल होती. समोरचा मूस चिखलाने माखलेला होता. गोळ्या लागत होत्या, पण अतिवेगामुळे वरच्यावर फुटत होत्या; आत मर्मापर्यंत पोचत नव्हत्या. नेमात दोष नव्हता. घरी परतल्यावर नोस्लरने नव्या गोळीवर काम सुरू केले. तिच्या कवचाच्या मधोमध तांबड्या धातूचा एक आडवा पडदा होता. पडद्यापुढचे शिसे उमलून रुंद जखम करते आणि मागचे तसेच राहून खोल शिरते. १९४८ पासून ‘पार्टिशन’ नावाने ती विकली जाऊ लागली आणि आजही मिळते.

उमलणाऱ्या गोळीच्या इतिहासात आपल्या देशाचेही नाव आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या दारूगोळा कारखान्यात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली लष्करी गोळी तयार झाली. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांना युद्धात बंदी घालण्यात आली. शिकारीत नेमके उलट आहे. नॉर्वेसारख्या देशात मोठ्या प्राण्यांसाठी उमलणारीच गोळी वापरावी लागते, कारण प्राण्याला जखमी करून सोडणे हाच तिथे गुन्हा मानला जातो.

उमलणारी गोळी टाळून नेमावर सगळी मदार ठेवणारा प्रसिद्ध शिकारी म्हणजे डब्ल्यू. डी. एम. बेल. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी त्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ बाय ५७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने. तिची पूर्ण कवचाची गोळी जेमतेम ११ ग्रॅमची होती. त्या काळच्या भारी हत्ती-रायफलींच्या गोळ्या याहून कितीतरी जड असत. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता. त्याच्या उदाहरणावरून ‘लहान गोळीही चालते’ असा धडा घेणे धोक्याचे आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी आज धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ बोअरची किमान मर्यादा घातली आहे, कारण बेलचा हात आणि अभ्यास सर्वांजवळ नसतो.

शिशाचा प्रश्न

अलीकडे निवडीत एक नवा मुद्दा आला आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात विखुरतात आणि टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातले काँडोर हे महाकाय गिधाड १९८२ मध्ये फक्त २२ उरले होते. शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण ठरले. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये काँडोरच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून संपूर्ण राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या.

पर्याय आहे पूर्ण तांब्याच्या गोळीचा. ती फुटत नाही, पाकळ्यांसारखी उमलते आणि खोल जाते. पण तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला अधिक फेरे लागतात. वुलविचला गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये त्यासाठी सोपे सूत्र दिले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट, हे काढायचे आणि १५० ला त्या आकड्याने भागायचे. एक फेरा तितक्या व्यासांच्या अंतरात पुरा व्हायला हवा. ७.२ मिलिमीटर व्यासाची गोळी चार व्यास लांब असेल तर २७ सेंटिमीटरला एक फेरा पुरतो. पाच व्यास लांब असेल तर २१.६ सेंटिमीटरला एक हवा. म्हणून जुन्या रायफलीत वजनदार तांब्याची गोळी भरकटते आणि दोष गोळीवर येतो. तिथे थोडी हलकी, म्हणजे आखूड तांब्याची गोळी घेणे हा साधा उपाय.

निवडीचा क्रम

आधी सावज ठरवावे, मग त्याच्या हाडामांसातून मर्मापर्यंत पोचेल अशी गोळी. अशा दोन-तीन गोळ्यांतून आपल्या रायफलीत दोन मिनिटांच्या आसपास राहणारी एक निवडावी. तिथे अचूकतेचा शोध थांबवावा आणि उरलेला पैसा व वेळ सरावात घालावा. शेवटी स्वतःची मर्यादा कागदावर मोजावी. ज्या अंतरापर्यंत दहाच्या दहा गोळ्या, मैदानात घेता येईल तेवढ्याच आधाराने, मर्मभागाएवढ्या वर्तुळात पडतात, ते आपले अंतर. त्यापलीकडच्या सावजावर रोखलेली रायफल खाली घेण्याची तयारी असली पाहिजे.

भारतातही वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. ती वेळ क्वचित येते. पण येते तेव्हा गोळी झाडणाऱ्याला चंपावतच्या वाघिणीचे ते दोन तुटके सुळे ठाऊक असलेले बरे.