रात्रीच्या महामार्गावरचा चार मिलिमीटरचा पहारा

नागपूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग 53 मौदा मागे टाकून भंडारा जिल्ह्यात शिरतो, वैनगंगा ओलांडतो आणि गडेगाव, लाखनी, साकोली करत छत्तीसगडकडे जातो. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग 6 होता. रात्रभर या रस्त्यावर अवजड ट्रक धावतात. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी सुरू झाली की त्यांच्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची भर पडते. यातल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. साकोलीच्या पुढे रस्ता नागझिरा आणि नवेगाव या जंगलांच्या मधून जातो. 2013 मध्ये ही जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पण जनावरांची ये-जा त्याच्या आधीपासूनची आहे.

अशा रस्त्यावर अलीकडे एक नवा पहारेकरी आला आहे. गाडीच्या पुढच्या जाळीमागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे, तळहातावर मावेल एवढी एक बंद डबी बसवलेली असते. तिला काच नसते, भिंग नसते, हलणारा एकही भाग नसतो. ती रडार आहे. गाडीची ‘ड्रायव्हर असिस्टन्स’ यंत्रणा, म्हणजे चालकाला सावध करणारी आणि वेळ आली तर स्वतः ब्रेक लावणारी व्यवस्था, बऱ्याच अंशी या डबीच्या भरवशावर चालते.

तिचे काम समजायला थोडे आकडे लागतात. ही डबी साधारण 77 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी पुढे सोडते. त्यांची लांबी चार मिलिमीटरहूनही किंचित कमी असते. लहर समोरच्या वस्तूवर आदळते आणि तिचा काही अंश परत येतो. दीडशे मीटरवरच्या ट्रकपर्यंत जाऊन परत यायला तिला एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. एवढा वेळ थेट मोजणे अवघड, म्हणून रडार आपल्या लहरीची वारंवारता सतत एका लयीत चढवत ठेवते. परत आलेली लहर त्या क्षणी बाहेर पडणाऱ्या लहरीपेक्षा वारंवारतेत थोडी मागे असते. हा फरक मोजला की अंतर कळते. 76 ते 77 गिगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा वापरला, तर एकामागे एक असलेल्या दोन वस्तूंमध्ये 15 सेंटीमीटरचे अंतर असले तरी त्या वेगळ्या ओळखता येतात.

अंतरापेक्षाही वेग मोजण्यात रडारचा हात धरणारे कोणी नाही. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी येताना बारीक आणि जाताना जाड ऐकू येते. रेडिओलहरींच्या बाबतीत तेच घडते. आपली कार ताशी 80 किलोमीटरने चालली आहे आणि पुढे धानाची ट्रॉली 20 ने, असे समजू. वेगातला हा 60 किलोमीटरचा फरक परतलेल्या लहरीत साधारण साडेआठ हजार हर्ट्झचा बदल घडवतो. रडार तो सेकंदाच्या अंशात वाचते. ट्रॉलीला दिवा असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. वैनगंगेकाठच्या हिवाळी धुक्यात, पावसाच्या सरीत, समोरच्याने अप्पर मारून डोळे दिपवले तरीही त्याचे मोजमाप चालू राहते.

याचे महत्त्व रात्री कळते. डिपरचा उजेड साधारण 50-60 मीटर पोचतो. ताशी 80 ने जाणारी कार सेकंदाला 22 मीटर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 33 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 35 मीटर लागतात. एकूण झाले 68 मीटर, म्हणजे उजेडाच्या टप्प्याबाहेर. जागा, शुद्धीवर असलेला, कसलेला चालकसुद्धा या गणितात हरतो. दीडशे-दोनशे मीटर पुढचे मोजणारे रडार त्याला नेमकी तीच वस्तू देते जी त्याच्याकडे नाही: वेळ.

या विद्येची मुळे जुनी आहेत. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्यात रेडिओलहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते आणि त्या दशकातले त्यांचे प्रयोग 5 मिलिमीटरच्या लहरींपर्यंत गेले होते. लहरींच्या परतीवरून समोरची वस्तू ओळखण्याचे यंत्र जर्मनीच्या क्रिस्टियान ह्यूल्समायर यांनी 1904 मध्ये ऱ्हाइन नदीतल्या जहाजांवर दाखवले. कारमध्ये 77 गिगाहर्ट्झचे रडार 1998 च्या सुमारास मर्सिडीझच्या महागड्या मॉडेलमध्ये आले. पुढे सिलिकॉन-जर्मेनियमच्या चिपमुळे ते स्वस्त झाले. भारताने 2015 मध्ये 76-77 गिगाहर्ट्झचा पट्टा वाहनांच्या रडारसाठी परवानामुक्त केला. 2021 मध्ये आलेल्या, चाकणला बनलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 ने रडार आणि कॅमेऱ्याची जोडी मध्यमवर्गीय घरापर्यंत आणली.

जोडी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण एकट्या रडारची एक मोठी उणीव आहे. धावत्या गाडीतल्या रडारला सगळ्या स्थिर वस्तू सारख्याच वेगाने जवळ येताना दिसतात: दिशाफलक, कठडा, वरच्या पुलाचे लोखंड आणि रस्त्यात बंद पडलेला ट्रकसुद्धा. साध्या रडारला उंची नीट कळत नाही. प्रत्येक फलकावर ब्रेक लागले तर मागची गाडी येऊन आदळेल, म्हणून ही यंत्रणा स्थिर वस्तूंच्या बाबतीत जपून वागते आणि कॅमेऱ्याची साक्ष मागते. म्हणजे 20 ने चालणारी ट्रॉली रडारला सोपी, पण टायर बदलायला दिवे बंद करून उभा केलेला ट्रक अवघड. उंचीही मोजणारी नवी रडार ही उणीव कमी करत आहेत. पण आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्यांत ती नाहीत.

जनावरांची गोष्टही अशीच. या यंत्रणांच्या चाचण्या प्रामुख्याने गाड्या, पादचारी आणि सायकलस्वार यांच्यावर होतात. साकोलीच्या पुढे अचानक आडवे आलेले चितळ किंवा रानडुक्कर यंत्रणा ओळखेलच, असे धरून चालू नये. लाकडी बैलबंडीचा प्रतिध्वनीही लोखंडी ट्रॉलीपेक्षा क्षीण असतो.

या डबीची निगाही राखावी लागते. पावसाळ्यात चिखलाचा थर बसला की लहरी अडतात आणि डॅशबोर्डवर सूचना येते. तेव्हा थांबून तो भाग पुसायला हवा. बंपरला मार बसल्यावर डबी एखाद्या अंशाने जरी वळली, तरी शंभर मीटरवर तिची नजर पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे जवळजवळ शेजारच्या लेनवर. म्हणून दुरुस्तीनंतर कॅलिब्रेशन, म्हणजे डबीची दिशा पुन्हा जुळवून घेणे, ही चैन नाही.

खरी गरज मात्र ट्रक आणि बसला आहे. गडेगावला 1982 पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथे गिअरबॉक्स बनतात, त्यामुळे इथल्या कामगाराला भरलेला ट्रक थांबवणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. रडारने हळू हो म्हटले, तरी थांबवायचे काम इंजिन, गिअर आणि ब्रेक यांनाच करायचे असते. आपोआप ब्रेकिंगसाठी एआयएस-162 हे भारतीय मानक तयार आहे. मार्च 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोठ्या प्रवासी वाहनांना आणि ट्रकना अशा यंत्रणा सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. शेजारच्या नागपुरात 2021 मध्ये ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसवर कॅमेऱ्याच्या इशारा-यंत्रणा बसवल्या गेल्या. त्या इशाऱ्यांच्या नोंदींवरून, अपघात होण्याआधीच, रस्त्यातल्या धोक्याच्या जागा शोधण्याचे काम झाले. भंडाऱ्यातून जाणाऱ्या महामार्गालाही अशा नोंदींचा उपयोग होईल.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करावे. ट्रॉलीचे लोखंड रडारला दिसते, पण कॅमेऱ्याला आणि माणसाच्या डोळ्याला दिसायला मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी हवी. ती अगदी थोड्या पैशांत मिळते. हंगामाआधी बाजार समिती, राइस मिल आणि ग्रामपंचायत यांनी मिळून प्रत्येक ट्रॉलीला आणि बंडीला ती लावून घेतली, तर लाखांच्या गाडीतली यंत्रणा आणि बिनयंत्राची जुनी जीप, दोघांनाही एकाच वेळी मदत होते. आणि ज्यांच्या गाडीत रडार आहे, त्यांनी गाडी घेताना शोरूममध्ये एक प्रश्न जरूर विचारावा: समोर काय आले तर ही यंत्रणा ब्रेक लावत नाही? त्याचे उत्तर माहीत असलेल्या चालकाच्याच हातात हे यंत्र खऱ्या अर्थाने जीव वाचवते.