चांदबिबीच्या वेढ्याला कोणते नियम?

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, पात्रे आपण काय करणार ते सांगतात आणि ते साधले की फसले, याचा निवाडा फासे करतात. 'रोल प्लेइंग गेम' या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने सुरू झाला आणि आज पुण्या-मुंबईतही खेळला जातो. या खेळाला पट लागतोच असे नाही. लागते ते नियमांचे पुस्तक. या पुस्तकावरूनच खेळणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे. कोणत्याही गोष्टीला चालेल अशी एकच सर्वसाधारण नियमावली असावी, की प्रत्येक प्रकारच्या कथेला तिची स्वतःची?

वाद परदेशी वाटला, तरी त्याच्या दोन्ही बाजू आपल्याकडे फार पूर्वीच खेळून झाल्या आहेत. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. मुघली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने. राजा, प्रधान आणि एक ते दहा ही पानांची मांडणी दोन्हींत तीच. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा, ही गंमतही तीच. मुघली खेळात दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग आधी उतरतो आणि रात्री चांदीच्या नाण्याचा. दशावतारीत तो मान दिवसा रामाला आणि रात्री कृष्णाला मिळतो. एक सूर्यवंशी, दुसरा चंद्रवंशी. चित्र बदलणाऱ्याने किती नेमका सांधा जुळवला आहे! पण खेळ बदलला का? नाही. मत्स्याच्या जागी तलवार असली तरी डाव तसाच चालतो. सर्वसाधारण नियमांचे सामर्थ्य आणि मर्यादा, दोन्ही या पानांत दिसतात.

याच्या नेमका उलट नमुना म्हणजे मोक्षपट. परंपरा या पटाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्यांनी नगर जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांच्या नावाशी एखादा खेळ जोडला जावा, यातच त्या खेळाची प्रतिष्ठा दिसते. मोक्षपटात सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड असते आणि अखेरचे घर मोक्षाचे. इथे नियम हाच आशय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा पट गेला आणि हळूहळू घरांची नावे पुसली गेली. उरली ती मुलांची सापशिडी. खेळ शाबूत राहिला, पण तो जे सांगत होता ते गेले.

पाश्चात्य भूमिकाखेळांतही हीच ओढाताण दिसते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ नियमांत भुयारातून खजिना आणला की अनुभवाचे गुण मिळत आणि गुण साठले की पात्र बलवान होई. साहजिकच खेळणारे खजिन्यामागे धावत. पुढे ज्यांना अंतराळातल्या किंवा गुप्तहेरांच्या गोष्टी हव्या होत्या, त्यांना दर वेळी नवे पुस्तक शिकण्याचा कंटाळा आला. १९८६ साली स्टीव्ह जॅक्सन यांनी 'गर्प्स' आणले : तीन फासे, गुणांच्या हिशेबाने घडवलेले पात्र, आणि मग काळ कोणताही असो, जग कोणतेही असो. एकदा शिकले की झाले.

दुसऱ्या बाजूला १९८१चा 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथांचा खेळ. त्यात पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण मोजले जातात आणि भयंकर काही पाहिले की ते घटतात. एवढेच नव्हे, तर त्या गूढाविषयीचे ज्ञान जितके वाढेल, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. जाणून घेतल्याशिवाय सुटका नाही आणि जाणून घेणे हाच घात. भयकथेचा सारा पेच एका नियमात बसवला आहे. २००० साली 'डी-ट्वेंटी' ही नियमावली इतर प्रकाशकांना खुली झाल्यावर वाटेल त्या विषयाला तोच साचा लावण्याची लाटच आली. २००२ मध्ये 'कॉल ऑफ क्थुलू'चीही तशी आवृत्ती निघाली. तीत अनुभवाबरोबर पात्राची पातळी आणि सोसण्याची ताकद वाढत जाते. भयकथेतला माणूस दिवसेंदिवस दणकट होऊ लागला, तर भीती कसली वाटणार?

आता हाच प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहू. समजा, कोणाला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याचा वेढा मराठीतून खेळवायचा आहे. साल १५९५. निजामशाहीचा वारस कोण, यावरून दख्खनी आणि हबशी सरदारांत दुफळी. त्यातल्याच मियाँ मंजूने मुघलांना मदतीला बोलावले आणि मग तो पस्तावला. हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी हिने लहानग्या बहादूरच्या नावाने किल्ला हाती घेतला. बाहेर शहाजादा मुराद आणि खानखानान. त्या दोघांचेही आपसात पटत नव्हते. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तट फुटला, चांदबिबीने स्वतः उभे राहून तो लढवला आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला.

सर्वसाधारण नियमांनी हे खेळता येईल? येईल की. तलवारीचे अंक आहेत, तोफेचे आहेत, तट चढण्याचे आहेत. खिंडारातली लढाई रंगेलसुद्धा. पण अडचण पुढे, १६०० साली येते. पुन्हा मुघलांचा वेढा पडला. चांदबिबी वाटाघाटींच्या विचारात होती. ती शत्रूला सामील असल्याचा बोभाटा झाला आणि आपल्याच माणसांनी तिला ठार केले. मग किल्लाही पडला. चार वर्षांपूर्वी ज्या बोलणीने किल्ला वाचवला होता, तीच बोलणी प्राणावर बेतली. तलवारीच्या अंकांत याचा हिशेब कुठे लावायचा? नियमांत जागा नसेल, तर सूत्रधाराला हा प्रसंग निव्वळ वाचून दाखवावा लागेल, आणि खेळणारे तोवर फासे हातात धरून बसतील. मुलांना इतिहास खेळातून कळावा अशी इच्छा असणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. नाहीतर नगरच्या किल्ल्याचा पाडाव आणि एखाद्या भुयारातली मारामारी यांत पोशाखापलीकडे फरक उरणार नाही.

याचा अर्थ प्रत्येक विषयासाठी तीनशे पानांचे नवे पुस्तक लिहावे, असा नव्हे. आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी असलेल्या नोकरदार मंडळींना ते झेपणारही नाही. शिवाय पंथवाल्यांच्या भांडणात एक गोष्ट विसरली जाते. 'कॉल ऑफ क्थुलू' स्वतः शून्यातून उभा राहिलेला नाही. प्रकाशक केऑसियमने १९८० मध्ये काढलेल्या साध्या, टक्केवारीवर चालणाऱ्या सर्वसाधारण नियमांवरच तो बेतलेला आहे. पाया कोणालाही चालणारा. वर मनःस्वास्थ्याचा एक नियम, आणि साऱ्या खेळाचा स्वभाव पालटला.

नगरच्या वेढ्यालाही तेवढे पुरेल. लढणे, चढणे, लपणे यांसाठी साधी टक्केवारी. तटाच्या मजबुतीचा एक आकडा, जो सुरुंगाने घटतो आणि रात्रभर राबून थोडा वाढतो. आणि 'विश्वासा'चा एक सामाईक साठा, सर्वांना दिसेल असा टेबलाच्या मध्यावर कवड्यांनी मांडलेला. शत्रूशी बोलणी केली की वेळ, धान्य किंवा तह यांपैकी काही हाती लागते, पण दर वेळी एक कवडी उचलली जाते. तट स्वतः उभे राहून लढवला, तर एखादी परत ठेवता येते. कवड्या संपल्या की पुढचा फासा शत्रूसाठी टाकायचा नाही. तो किल्ल्यातल्या शिबंदीसाठी टाकायचा.