72 आठवड्यांनंतर

लेअर फार्मवर कोंबडीचं वय आठवड्यांत मोजतात. 18-19 आठवड्यांची झाली की ती अंड्यावर येते. ऐन भरात शंभर कोंबड्यांमागे रोज नव्वदच्या वर अंडी पडतात आणि 72 आठवड्यांच्या आसपास मालक वही उघडून बसतो. खाणं तेवढंच, दिवसाला 110 ग्रॅमच्या घरात. अंडी मात्र कमी झालेली, कवच पातळ. मग अख्खी बॅच एकदम निघते. 'कलिंगचा माल' म्हणून जिवंत वजनावर व्यापाऱ्याच्या गाडीत चढते.

गंमत अशी, की ही काढून टाकलेली पांढरी कोंबडी अजून आठवड्याला चार-पाच अंडी सहज देते. माझ्या गावरान कोंबड्या वर्षाकाठी साठ-सत्तर देतात आणि मध्येच खुडूक होऊन बसतात. दौंडकडच्या एका फार्मवरून सहा पांढऱ्या उचलल्या तेव्हा डोक्यात दयाबिया नव्हती, हा हिशोब होता. त्या परसात, गावरान कळपात, कशा रुजतात हे मात्र हिशोबाबाहेरचं प्रकरण निघालं.

आधी त्यांचं रूप सांगतो. तुरा फिकट गुलाबी, मोठा आणि एका डोळ्यावर लोळलेला. खाण्यासाठी पिंजऱ्याच्या तारेतून सतत मान काढल्याने गळ्याची पिसं घासून गेलेली, पाठ उघडी. जमिनीवर न झिजलेली नखं वाढून वाकलेली. चोचीचं टोक पिल्लूपणीच कापलेलं, त्यामुळे मातीतला एखादा बारीक दाणा उचलायला तीन-चार वेळा टोचावं लागतं. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण 450 चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर कागद याहून बराच मोठा असतो. विधी आयोगाने 2017 साली या पिंजऱ्यांवर अख्खा अहवाल दिला. पिंजरे आहेत तिथेच आहेत.

मातीवर सोडल्यावर पहिली एक पाय वर धरून नुसती उभी राहिली. पाणी भरून ठेवलेल्या परळाकडे एकीनेही पाहिलं नाही. जन्मभर त्या पिंजऱ्यातल्या पाण्याच्या निपलला टोचा मारून थेंब थेंब पाणी प्यालेल्या. उघडं पाणी ही वस्तूच त्यांना ठाऊक नव्हती. जाळीच्या चकचकीत खिळ्यावर मात्र टोचे सुरू झाले. शेवटी एकेकीची चोच परळात बुडवून दाखवावी लागली.

शेजारच्या आक्का कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "दादा, ह्या पांढऱ्या कशाला आणल्या? ह्या काय जगत्यात व्हय?" प्रश्न रास्त होता, कारण धोका दोन्हीकडून असतो. फार्मच्या कोंबडीला मानमोडीच्या लशी झालेल्या असतात, पण लस झालेली कोंबडीही रोग अंगावर वागवू शकते, सर्दी-घरघरीचं तसंच. उलट पिंजऱ्यातल्या कोंबडीची विष्ठा तारेखाली पडून जाते, त्यामुळे जमिनीतले जंत आणि रक्ती हगवण यांच्याशी तिची गाठच पडलेली नसते. म्हणून गावरान कोंबड्यांना आधी लस टोचून घेतली आणि पांढऱ्या तीन-चार आठवडे परसाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या ठेवल्या. आमचे पायही आधी गावरानकडे, मग पांढऱ्यांकडे, या क्रमानेच फिरायचे.

या कोंबड्यांना पायाला धरून उलटं लटकवायचं नाही, हे घरच्यांना बजावून सांगावं लागलं. अंड्याचं कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातलं बरंच काम रात्रीचं. पोटात चुना कमी पडला की तो हाडांतून ओढला जातो, आणि वर्षभर असं चालल्यावर हाड पटकन मोडतं. म्हणून शिंपल्यांचा चुरा मी त्यांना संध्याकाळीच ठेवतो.

ते तीन-चार आठवडे सरल्यावर मधे फक्त जाळी. अलीकडे गावरान, पलीकडे पांढऱ्या. खाणं मुद्दाम जाळीच्या दोन्ही बाजूंना लगत. बघून बघून कंटाळा येऊ द्यायचा. जाळी काढली ती रात्री, कारण अंधारात कोंबडीला जवळपास काहीच दिसत नाही. पांढऱ्या उचलून खुराड्यात ठेवल्या की भांडण निदान सकाळपर्यंत टळतं. सकाळी ते झालंच. कळपातली थोरली, काळी-तांबडी, एकेकीच्या डोक्यावर नेमका टोचा मारत फिरली. ज्या खाली बसल्या त्यांना सोडलं. एक उभी राहिली, तिला कोपऱ्यात घेतलं. इथे माणसाने मध्ये पडू नये. उतरंड लागल्याशिवाय कळप शांत होत नाही. फक्त रक्त दिसलं की उचलायचं, कारण लाल ठिकाणी सगळा कळप टोचत सुटतो. खाण्या-पाण्याची भांडी दोन-दोन, लांब लांब ठेवली की दुबळीलाही पोटभर मिळतं. कोंबड्याला मात्र काही दिवस डालग्याखाली ठेवलं. उघड्या पाठीवर त्याची नखं बसली असती.

दांडीवर झोपायला पांढऱ्या बऱ्याच उशिरा शिकल्या. दिवेलागणीला त्या जमिनीवरच कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसायच्या. मातीत लोळणं मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. पिंजऱ्यात असतानाही कोंबडी नुसत्या तारेवर धूळ अंगावर घेतल्याचे सगळे हावभाव करते. इथे खरीच माती मिळाल्यावर एक पांढरी आंब्याखाली कुशीवर पडली, एका पंखाने माती उडवत राहिली आणि डोळे मिटून इतकी निपचित झाली की आमची कन्या "मेली, मेली" म्हणत धावत आली.

फार्मवरचा सोळा तासांचा उजेड इथे नाही. दिवस लहान झाला तशी अंडी घटली, जुनी पिसं झडून नवी आली. सहातल्या दोघी पहिल्या वर्षातच गेल्या. एकीच्या पोटात अंड्याचं पाणी झालं होतं. या जातीत ते नेहमीचं, इतकी अंडी घालायला लावलेल्या शरीराची ती किंमत.

उरलेल्या चौघी खुडूक मात्र कधीच होत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तो गुणच काढून टाकलाय. कोंबडा आता कळपात मोकळा असतो, म्हणून परवा आक्का पुन्हा कुंपणाशी आल्या. त्यांची गावरान खुडूक बसली होती. "तुमच्या त्या पांढरीची आठ-दहा अंडी द्या की," म्हणाल्या, "बघू तरी काय निपजतंय."