दोघांनी मिळून केलेली मात

सांगलीची मुलगी आणि पट मांडता येत नाही, असं सांगितलं तर लोक हसतील. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं हे वेड गावाला लावलं. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे इथंच खेळून पुढं आल्या. माझं माहेर सांगली, सासर सातारा. लग्नानंतर पट बरोबर आला, स्पर्धा मात्र सुटल्या. कुकरची शिट्टी झाली की उठावं लागतं; घड्याळ लावून खेळणार कशी? मग कोड्यांकडे वळले आणि हेल्पमेटच्या प्रेमात पडले.

नेहमीच्या कोड्यात पांढरा मात करतो, काळा अडवतो. इथं काळा आधी खेळतो आणि दोघं मिळून, ठरलेल्या खेळ्यांत, काळ्याच राजावर मात घडवतात. ही कल्पना मांडली माक्स लांगे या जर्मन माणसानं, १८५४ मध्ये.

'एकमेकांना मदतच करायची, मग अवघड काय?' असं आमच्या घरी विचारून झालंय. मैत्रिणींनो, नवशिक्यांची दोन खेळ्यांतली मात आठवा. पांढरा राजाकडच्या उंटापुढचं प्यादं सरकवतो आणि घोड्यापुढचं दोन घरं. काळा राजापुढचं प्यादं हलवून वजीर तिरका काढतो, की संपलं! रंग उलटे आहेत एवढंच, बाकी ही मदतीचीच मात. पण स्पर्धेत ती पहिल्याच चाळणीत बाद होईल, कारण तिथं पोचायच्या वाटा आठ आहेत. रचनाकारानं सांगितली तेवढीच उत्तरं हवीत, एकही जास्त नको. महिनाभर घासलेलं कोडं एका चोरवाटेनं मरतं. हल्ली ती वाट 'पॉपाय' नावाचा संगणक प्रोग्रॅम शोधून देतो.

खरं परीक्षण त्यानंतर सुरू होतं. दोन उत्तरं असतील तर ती जुळ्या बहिणींसारखी हवीत: एकात हत्ती अडवतो नि उंट मात करतो, दुसऱ्यात नेमकं उलट. नुसती भर म्हणून ठेवलेलं प्यादं मला भाजीतल्या खड्यासारखं लागतं. वीस मोहऱ्यांच्या गर्दीपेक्षा सहा मोहऱ्यांचं नेटकं कोडं मी वर ठेवीन. आवडीनिवडी आल्याच, म्हणून तर 'फिडे अल्बम'साठी तीन परीक्षक असतात. प्रत्येकाचे शून्य ते चार गुण, बेरीज आठ झाली की प्रवेश. स्पर्धेत निकालानंतरही काही काळ हरकतींसाठी राखतात. हीच कल्पना आधी कुणी केली होती असं निघालं, तर बक्षीस जातं.

चांगल्या स्पर्धेत परीक्षकाला रचनाकारांची नावं कळू देत नाहीत. बाई की बुवा, गाव कुठलं, काही नाही. इंग्लंडच्या एडिथ बेअर्डनं दोन हजारांवर कोडी रचली. १९०२ च्या तिच्या सातशे कोड्यांच्या पुस्तकावर नाव आलं ते 'मिसेस डब्ल्यू. जे. बेअर्ड', म्हणजे नवऱ्याचं!

आज जेवणं उरकली की पट काढा. समोर मुलगी, सासूबाई, कुणीही चालेल. त्या आठ वाटा सापडतात का बघा. सात सहज मिळतील, आठवीवर भांडण होईल.