अभंग तुकोबांचा, क्लेम कुणाचा?

आषाढी जवळ आली की वारीच्या व्हिडिओंना पूर येतो आणि त्यापाठोपाठ एक ठरलेली तक्रारही येते. कुणीतरी दिवेघाट चढणारी दिंडी मोबाइलवर टिपलेली असते. मागे लताबाईंच्या आवाजातला ‘सुंदर ते ध्यान’ लावलेला असतो. व्हिडिओ टाकल्यावर थोड्याच वेळात यूट्यूबची सूचना येते: कॉपीराइट क्लेम. मग संतप्त पोस्ट पडते. ‘तुकोबांच्या अभंगावर कंपनीचा कॉपीराइट? उद्या विठोबाही विकतील!’ खाली हात जोडलेल्या आणि रागाने लाल झालेल्या इमोजींची रांग लागते. पुढच्या आषाढीला तीच पोस्ट, नाव वेगळं. ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून यंदा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचीही मालकी नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो आणि मग कृती सगळ्यांची होते. तुकोबांना जाऊन साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. गाथा छापा, विका, गा, टी-शर्टवर घाला, कुणी अडवू शकत नाही. कुणी गाथेवर आज नवी टीका लिहिली तर ती टीका त्याची, पण अभंग तुमचा-माझाच. इथवर संतप्त मंडळी शंभर टक्के बरोबर आहेत.

पण क्लेम तुकोबांच्या शब्दांवर आलेलाच नसतो. तो आलेला असतो तुम्ही व्हिडिओमागे लावलेल्या ध्वनिमुद्रणावर. क्लेमची सूचना उघडली की तिच्यात स्पष्ट दिसतं: तुमच्या व्हिडिओतल्या कितव्या मिनिट-सेकंदापासून कितव्यापर्यंत जुळणी झाली, कुठल्या गाण्याशी झाली आणि हक्क कोण सांगतंय. एवढं वाचायला अर्धा मिनिट पुरतो. पण वाचायचं कुणी? स्क्रीनशॉट काढून पोस्ट टाकणं सोपं.

गाणं आपण एकसंध ऐकतो, म्हणून ती एकच वस्तू आहे असं वाटतं. कायदा तसं मानत नाही. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती, आणि कायद्यातल्या संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द धरलेलेच नाहीत. तिसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे स्टुडिओत खर्च करून तयार केलेली ती विशिष्ट ध्वनिफीत. तिची मुदत मृत्यूपासून मोजत नाहीत, ती प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं मोजतात. याशिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा कलावंत म्हणून वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षांचा. एका गाण्यात अशी चार घरं, प्रत्येकाचा उतारा वेगळा.

आता पुन्हा ‘सुंदर ते ध्यान’ घ्या. शब्द तुकोबांचे, म्हणजे मोकळे. लताबाई जी चाल गातात ती श्रीनिवास खळ्यांची. खळेकाका २०११ साली गेले, म्हणजे त्या चालीवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. ध्वनिमुद्रण ज्या कंपनीने काढलं तिचं. हाच अभंग तुमच्या गावच्या भजनी मंडळाने वारकरी परंपरेतल्या चालीवर, पखवाज आणि टाळांच्या साथीने गायला आणि तुम्ही तो मोबाइलवर टिपला, तर शब्द मोकळे, चाल मोकळी आणि मुद्रण तुमचं. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पण त्याच मंडळाने खळ्यांची चाल उचलली, तर मुद्रण तुमचं असलं तरी चाल खळ्यांचीच राहते. ‘आम्ही स्वतः गायलोय’ हे उत्तर अर्ध्याच प्रश्नाचं आहे.

गंमत म्हणजे ज्यांना आपण संतांचे अभंग समजतो, त्यातले काही संतांचे नाहीतच. ‘इंद्रायणी काठी’ ऐकून हात आपोआप जोडले जातात, पण ते गीत ग. दि. माडगूळकरांचं, ‘गुळाचा गणपती’ या १९५३च्या चित्रपटातलं. चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज भीमसेन जोशींचा. त्या १९५३च्या मुद्रणाची मुदत २०१३च्या अखेरीस संपली. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७च्या शेवटापर्यंत. पुलं २००० साली गेले, म्हणजे चालीवरचा २०६०पर्यंत. भीमसेनांच्या मैफिलींची जी मुद्रणं पुढे निघाली, त्यांची मुदत आपापली. एकाच गाण्याचा एक भाग मोकळा झालेला आणि दुसऱ्याला अजून कित्येक वर्षं बाकी. ‘जुनं गाणं आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

‘आधी बीज एकले’ची गोष्ट तर आणखी मजेची. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांनी ते गायलं आणि ते तुकोबांचंच असं लोकांनी धरलं. गीत आहे शांताराम आठवल्यांचं. गाथेत शोधायला जाल तर सापडणार नाही. आठवल्यांच्या लेखणीला यापेक्षा मोठी पावती कुठली, पण कायद्याच्या लेखी ते विसाव्या शतकातल्या एका गीतकाराचं काम आहे.

कुणी म्हणेल, साठ वर्षं जरा जास्तच नाहीत का? आहेत, माझ्याही मते. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ साली संपत होता, आणि त्याच सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. मराठी वाचकालाही त्यामुळे दहा वर्षं जास्त थांबावं लागलं. साने गुरुजी १९५० साली गेले, तरी ‘श्यामची आई’ मोकळी व्हायला २०११चा जानेवारी उजाडला. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पण त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर छापलेल्या साहित्याची मुदत प्रकाशनापासून धरतात, म्हणून त्या २०१३च्या आरंभी मोकळ्या झाल्या. मुदतीवर भांडायचं असेल तर जरूर भांडा, मी सोबत आहे. पण ‘कॉपीराइट म्हणजे कंपन्यांचा दरोडा’ असं सरसकट म्हणताना गदिमा, खळे, आठवले या माणसांचाही त्यात वाटा आहे हे सोयीस्करपणे विसरू नका.

बरं, मग कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत का? मुळीच नाही, आणि खरा राग इथे यायला हवा. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा २००७पासून आहे. हक्क सांगणारा आपली ध्वनिफीत तिच्याकडे देतो, यंत्र तिचा ठसा बनवतं आणि नवा व्हिडिओ आला की ठसे जुळवून पाहतं. यंत्राला कायदा कळत नाही. पारंपरिक चाल कुठली आणि खळ्यांची कुठली, हे ते जाणत नाही. कुणी पारंपरिक आरती गाऊन तिची फीत यंत्रणेत भरली, तर तशाच चालीत, तशाच वाद्यांवर तुम्ही गायलेली आरती त्याला ‘सापडू’ शकते.

२०१८च्या सप्टेंबरात जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने स्वतः वाजवलेल्या बाखच्या रचनेचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. त्यातल्या ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकच्या नावाने दावा आला आणि आवाज बंद झाला. बाख १७५० साली वारला. वाजवणारा ऱ्होड्स, मुद्रणही त्याचंच. त्याने जाहीर बोंब मारली तेव्हा कुठे दावा सुटला. तुमचं भजनी मंडळ पारंपरिक चालीवर गातं आणि तरी क्लेम येतो, तेव्हा तुम्ही ऱ्होड्सच्या जागी असता. तेव्हा इमोजी टाकत बसू नका. क्लेमच्या पानावर ‘डिस्प्यूट’चं बटण असतं, ते दाबा आणि चार ओळीत लिहा: शब्द अमक्या संतांचे, चाल पारंपरिक, गायन-वादन आमचं, मुद्रण आमचं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात, आणि तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप गळून पडतो. लताबाईंची फीत लावून मात्र हे बटण दाबू नका. दावा खरा असेल तर वाद वाढत जाऊन व्हिडिओ उतरवला जातो आणि पदरी स्ट्राइक पडतो.

क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरकही बहुतेकांना ठाऊक नसतो. क्लेम आला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजून घाबरून चॅनेलच बंद करणारे लोक आहेत. क्लेममध्ये बहुधा एवढंच होतं की जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, किंवा तो व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक ही गंभीर गोष्ट. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतं.

आता उरलेले समज, भराभर.

‘गायकाचं नाव दिलंय, क्रेडिट टु ओनर लिहिलंय.’ नाव देणं तुमचं कर्तव्यच आहे. कायद्याच्या ५७व्या कलमाने तो कर्त्याचा वेगळा हक्क आहे. नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. शेजाऱ्याची स्कूटर नेताना तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवून काही उपयोग नाही. ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड’ हे वाक्य तर कबुलीजबाबासारखं वाचलं जातं.

‘पंधरा सेकंदांपर्यंत चालतं.’ कुणी म्हणतं दहा, कुणी तीस. मोबाइलच्या दुकानातल्या पोरापासून चांगल्या वकिलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे ऐकलं आहे. कायद्यात असा एकही सेकंद नाही. ५२व्या कलमात खासगी उपयोग, संशोधन, टीका-समीक्षण, चालू घडामोडींचं वृत्तांकन अशा उद्देशांसाठी मोकळीक आहे. वापर कशासाठी आणि किती, हे त्या त्या प्रकरणात पाहिलं जातं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज या प्रकरणात गाण्यांचे किरकोळ तुकडे वापरल्याबद्दल वाहिनीला माफ केलं. तिथेही न्यायाधीशांनी वापराचा क्षुल्लकपणा, हेतू, परिणाम असं सगळं तोललं, स्टॉपवॉच लावलं नाही.

‘मी यातून पैसे कमावत नाही.’ बाजू थोडी हलकी होते, हक्क मात्र मिळत नाही.

‘रजिस्ट्रेशन केलेलं नाही, म्हणजे कॉपीराइट नाही.’ भारतात नोंदणी सक्तीची नाही. कविता कागदावर उतरली की हक्क आला. व्हॉट्सॲपवर निनावी फिरणाऱ्या कवितेलाही कुणीतरी कवी असतोच, आणि ती प्रत्येक वेळी पुलं किंवा कुसुमाग्रजांच्या नावावर खपवणाऱ्यांनी त्या दोघांवरही अन्यायच केला आहे.

‘इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतलं गाणं आहे, म्हणजे कुठेही चालेल.’ ती सोय मुख्यतः वैयक्तिक खात्यांसाठी आहे. मिठाईच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात हिट गाण्यावर केली, तर ती जाहिरातच ठरते, रील म्हटल्याने निसटत नाही.

‘ॲपचं सबस्क्रिप्शन घेतलंय.’ ते ऐकण्यासाठी. हॉटेलात दिवसभर लावण्यासाठी नव्हे.

‘पैसे सगळे कंपनीच खाते, गीतकाराला काय मिळतं?’ बराच काळ ही तक्रार खरी होती. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा विषय लावून धरला, आणि २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून काढून घेता येणार नाही अशी तरतूद आली. वसुली पूर्ण होते का, हा वेगळा प्रश्न.

शेवटचा समज लग्नसराईचा. ‘लग्नात गाणी लावायला लायसन्स लागतं’ असं हॉल आणि हॉटेलवाले सांगतात, आणि ‘लग्नाला सगळं माफ’ असं वऱ्हाडी. ५२व्या कलमात धार्मिक विधींना सूट आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सोहळे धरलेले आहेत. गोवा सरकारने जानेवारी २०२४मध्ये याच आधारावर परिपत्रक काढून परवान्याचा आग्रह धरू नये असं बजावलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४मध्ये ते रद्द केलं. सरकारने कायद्याची व्याप्ती परिपत्रकाने वाढवू नये, असा त्याचा सूर होता. म्हणून ‘लग्नातली सूटच गेली’ अशा बातम्या फिरल्या. कलम जागच्या जागी आहे, गेलं ते परिपत्रक. सूट नेमकी संगीताच्या रात्रीपर्यंत जाते की डीजेच्या कॉकटेल पार्टीपर्यंत, हे त्या त्या प्रकरणातल्या तथ्यांवर न्यायालय ठरवेल. आणि ही सूट सोहळ्यापुरती. त्याच गाण्यावर कापून जोडलेला लग्नाचा हायलाइट व्हिडिओ फोटोग्राफरने स्वतःच्या जाहिरातीसाठी चॅनेलवर टाकला, तर त्याला वरातीचा आधार घेता येत नाही.