दरबाराबाहेरचा इतिहास : बेने इस्राएल, 1948 ते 1964

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरांतली ज्यू उन्हाळी हॉटेलं ऐन भरात होती. इतरत्र अनेक हॉटेलं ज्यूंना खोली देत नसत, म्हणून ही निघाली. पुढे इतर हॉटेलांची दारं उघडली, विमानप्रवास आवाक्यात आला आणि ही ओस पडू लागली. समाजाचा चढउतार एका सुट्टीत मावतो, म्हणून कादंबरीकाराला असं स्थळ फळतं. त्याच काळात कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, याहून अवघड वळणावर होते. आपली ऐतिहासिक कादंबरी मात्र ‘स्वामी’पासून (1962) दरबार आणि रणांगणातच अधिक रमली. माझ्या मते 1948 ते 1964 हा काळ तिच्या हातून निसटला.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे ‘शनिवार तेली’. आडनावं रोहेकर, पेणकर, अष्टमकर. बायबलातल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनं रचली. अलिबागजवळच्या खंडाळ्याला प्रेषित एलियाहू हन्नबीच्या खडकाशी ते नवस फेडायला जात. कोणी म्हणेल, इथे छळच झाला नाही, मग नाट्य कुठलं? मला उलट वाटतं. हाकलून दिलेल्याला निर्णय घ्यावा लागत नाही. यांना तो घराघरांत घ्यावा लागला: इस्राएलला जायचं की इथेच राहायचं. आणि पुढे? कोकणात ज्यांच्या ज्यूपणावर शेजाऱ्यांनी शंका घेतली नाही, त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करा, असा आदेश इस्राएलच्या मुख्य रब्बींनी 1962 मध्ये काढला. 1964 मध्ये त्यांनी जेरुसलेमला धरणं धरल्यावर तो बदलला. अर्थात कोकणातलं आयुष्य गोडगोड रंगवू नये. ‘गोरे’ आणि ‘काळे’ हा भेद त्यांच्यातही होता, बेटीव्यवहारापर्यंत.

एवढ्याशा समाजाची गोष्ट नागपूरजवळच्या उमरेडच्या वाचकाने का वाचावी, हा आक्षेप मला लंगडा वाटतो. भोसल्यांचा दरबार त्याला कादंबऱ्यांतून भेटतो. कोळसा खाणीभोवती बदललेलं त्याचं स्वतःचं गाव कुठे भेटतं? दरबाराबाहेरचं जगणं इतिहासात धरायचं नाही, ही सवय दोघांनाही वगळते. विषय अशक्य नव्हताच: याच समाजातल्या मीरा महादेवन यांची ‘अपना घर’ 1961 मध्ये आली, पण हिंदीत. हा मराठीचा तोटा. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवणारी पिढी आता वृद्ध आहे. ज्याला ही कादंबरी लिहायची असेल, त्याने आधी त्यांना गाठावं.